रुग्णवाहिकेत आडव्या पडलेल्या माणसाला काय कळतं? घरातल्या ज्येष्ठांचे अनुभव हवेत

रानजाई (कोथरूड)

माझी आई ८३ वर्षांची. जूनमध्ये सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते, सगळं मार्गी लागलंय. हा धागा त्याबद्दल नाही.

परवा दुपारी तिच्या केसांना तेल लावताना मी सहज विचारलं, "त्या दिवशी गाडीत फार दुखत होतं का गं?" ती म्हणाली, "दुखत होतं ते होतंच. पण मला वाटलं, मी गेले."

मग तिने सांगितलं ते असं. पडली तेव्हा चष्मा बाथरूममध्येच राहिला. कानातलं मशीन ती अंघोळीच्या आधी काढून डबीत ठेवते, ते कपाटावर. म्हणजे तिला काही दिसत नव्हतं आणि काही ऐकू येत नव्हतं. आमच्या लिफ्टमध्ये चार माणसं जेमतेम उभी राहतात, स्ट्रेचर बसायचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवलं. उतरवताना पाय पुढे. "पाय पुढे करून नेत होते, तोंडं हलत होती, आवाज नव्हता. वर सगळं पांढरं. तू पण दिसेनास." मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला सांगितलं होतं आणि मी मुकाट्याने बसले. मधल्या खिडकीतून मागे वळून बघत होते, तिचा फक्त अंबाडा दिसत होता.

कॅज्युअल्टीत तिला वार विचारला, महिना विचारला. तिने काहीतरी भलतंच उत्तर दिलं. कागदावर लिहिलं गेलं की पेशंटला भान नाही. मीही घाबरून ते खरं मानलं. पुढचे सात-आठ तास सगळे तिच्याबद्दल माझ्याशी बोलत होते, तिच्याशी कोणीच नाही. संध्याकाळी भाऊ घरून चष्मा आणि मशीन घेऊन आला. मशीन कानात घातल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "गॅस बंद केलास का? दूध होतं वर."

भान पूर्ण होतं. प्रश्नच पोचले नव्हते.

मी हॉस्पिटलचं किंवा गाडीवाल्यांचं नाव घेणार नाही, कृपया विचारू नका. ती माणसं वाईट नव्हती, घाईत होती. पण आपण गाडी किती वेळात आली, किती पैसे घेतले, एवढंच एकमेकांना सांगतो. आत पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय वाटलं, हे कोणी विचारतच नाही. मी दोन महिने विचारलं नव्हतं. तुमच्या घरच्यांना विचारून इथे लिहाल का?

पेठकरी_७९

ताई, मी नारायण पेठेत राहतो, वय ७९, आणि गेल्या तीन वर्षांत दोनदा गाडीतून गेलो आहे. म्हणजे मी स्वतः आत पडलेला माणूस आहे.

माझं हृदय अशक्त आहे, पंपिंग कमी. रात्री छातीत पाणी साठतं आणि आडवं पडलं की जीव घुसमटतो. पहिल्या वेळी दोन माणसं आली, मला धरून सपाट आडवं केलं आणि छातीवरून पट्टा आवळला. मी उठायला धडपडत होतो. ते म्हणत होते, "बाबा, हलू नका, शांत पडून राहा." मुलगाही तेच म्हणत होता. सगळ्यांना वाटलं मी घाबरलोय. मला फक्त बसायचं होतं. "बसवा" हा तीन अक्षरी शब्द काढण्याइतका श्वास माझ्याजवळ नव्हता. हॉस्पिटलच्या दारात कोणीतरी डोक्याकडची बाजू वर केली, तोपर्यंतचा रस्ता मला आजही स्वप्नात येतो.

दुसऱ्या वेळी आलेली डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची. वाड्याचा लाकडी जिना चढून आली, मला एकदा बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "काका, रात्री किती उशा घेऊन झोपता?" मी तीन बोटं दाखवली. "मग तुम्हाला बसवूनच न्यायचं." खुर्चीत बसवून, पाय खाली सोडून नेलं. आमच्या जिन्याला मध्ये काटकोनात वळण आहे, तिथे स्ट्रेचर वळतच नाही, त्यामुळे खुर्चीच बरी पडली. त्या एका प्रश्नात तिने माझा आजारही ओळखला आणि मला माणूस म्हणूनही धरलं.

आणखी एक सांगतो, कारण ते कोणी लिहीत नाही. तिने पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं आणि लगेच म्हणाली, "आता लघवीला लागेल. गाडीत भांडं आहे, लाज धरू नका." खरंच पाच-दहा मिनिटांत लागली. अंगावर चादर टाकली, भांडं हातात दिलं आणि स्वतः पाठ करून पुढच्या काचेकडे बघत बसली. पहिल्या खेपेला मी कपड्यातच केली होती आणि त्या ओल्या पायजम्यात कॅज्युअल्टीच्या दिव्याखाली पडून होतो. छातीतल्या घुसमटीपेक्षा ते जास्त लागलं.

चिंचबन

दोन्ही प्रतिसाद वाचून आईबाबांना फोन केला. एक साधा प्रश्न: अशा वेळी १०८ ला फोन करावा की ओळखीच्या खासगी गाडीला? माझा गोंधळ आहे.

गाडीवरचा_वैद्य

मी बीएएमएस आहे. सहा वर्षं रुग्णवाहिकेवर काढली, आता हडपसरला दवाखाना आहे. जमेल तेवढं सांगतो.

१०८ ही राज्य सरकारची मोफत सेवा, २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा राज्यभर ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स (गंभीर रुग्णांसाठी) आणि ७०४ बेसिक (प्राथमिक उपचारांच्या). फोन राज्यात कुठूनही करा, तो आपल्याच औंधच्या केंद्रात लागतो. आपल्याकडच्या १०८ चं वैशिष्ट्य म्हणजे गाडीवर डॉक्टर असतो. त्यामुळे जीव धोक्यात असेल तर १०८, यात मला शंका नाही. खासगी गाडी मागवताना 'ॲम्ब्युलन्स पाठवा' एवढंच म्हणू नका. वाहनांच्या नियमात रुग्णवाहिकांचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. बी म्हणजे स्थिर रुग्णाची नुसती ने-आण, सी म्हणजे बेसिक, डी म्हणजे ॲडव्हान्स, ज्याला लोक कार्डिॲक म्हणतात. बाहेरून तिन्हींवर दिवा आणि भोंगा सारखाच. सोबत डॉक्टर आहे का, हे फोनवरच विचारा. डायलिसिसला न्यायला बी पुरते, धाप लागलेल्या माणसाला नाही.

आता रानजाईताईंच्या मूळ मुद्द्याकडे. आमच्याकडून हे होतं, मी कबूल करतो. गाडीत शिरल्याबरोबर आम्ही सोबतच्या तरुण माणसाकडे बघून विचारतो, "यांना काय त्रास आहे?" आजोबा समोर डोळे उघडे ठेवून पडलेले असतात. तरुण माणूस पटापट उत्तरं देतो म्हणून ती सवय लागते. पण वय झालेल्या शरीराची खरी खूण बऱ्याचदा त्या माणसाच्या तोंडूनच मिळते, कारण मशीनवरचे आकडे फसवतात. वर्षानुवर्षं १६० चं बीपी असलेल्या बाईंना ११० दिसलं तर आकडा छान वाटतो, त्यांच्यासाठी ते घसरलेलं असू शकतं. बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत, मग आत रक्तस्राव चालू असला तरी नाडी शांत. मधुमेही म्हाताऱ्यांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. नुसता थकवा, घाम, धाप, नाहीतर "आज काही खरं नाही" एवढंच ते म्हणतात. ते वाक्य मी कधी हसण्यावारी नेलं नाही.

अचानक भलतंच बोलायला लागले तर आम्ही आधी बोटातून साखर बघतो. साखर ७० च्या खाली गेली असली की ग्लुकोज देऊन माणूस डोळ्यांदेखत परत येतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, असं असेल तर अर्धांगाचा विचार. तिथे मी सगळ्यात आधी विचारायचो, "शेवटचं नीट कधी पाहिलंत?" गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि घड्याळ तिथून चालू होतं. "सकाळी उठले तेव्हापासून असेच आहेत" म्हटलं की मग रात्री झोपताना कसे होते, बारा वाजता बाथरूमला गेले तेव्हा कसे होते, असं मागे मागे जावं लागतं. घरात शेजारी झोपणाऱ्या आजींना हे बरोबर माहीत असतं, पण त्यांना कोणी पुढे येऊ देत नाही.

पाठीला बाक असलेल्या माणसाला सपाट फळीवर ताणून झोपवू नका, डोक्याखाली घडी घातलेली चादर द्या. पडले आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर डोक्याला लागलेलं किरकोळ वाटलं तरी ती गोळी आम्हाला सांगा. आणि जुनाट दम्याचे, सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) पेशंट असतील तर तेही आधीच सांगा. बोटाचं मशीन ९० दाखवतंय म्हणून नातेवाईक ऑक्सिजन वाढवा वाढवा करतात, पण त्यांच्यासाठी ८८ ते ९२ च ठीक असतं, जास्त दिला तर गुंगी येऊ शकते.

ताई, एक विनंती. आईंना हेही विचारा की त्या दिवशी कोणी काही बरं केलं का. आमच्या लोकांना हे कधीच कळत नाही. पेशंट आत गेला की दार बंद होतं आणि आम्ही पुढच्या कॉलला.

दूरस्थ

मी डब्लिनला असतो. आईबाबा धायरीला, दोघंच. मागच्या हिवाळ्यात बाबांना पहाटे अर्धांगाचा झटका आला. शेजारच्या काकांनी फोन करून गाडी बोलावली, गाडी आली, सगळं वेळेत झालं. बाबा आज चालतात, बोलतात.

पण आईचं सांगतो. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. मागच्या दाराची पायरी तिच्या मांडीएवढी उंच. तिने प्रयत्न केला, जमलं नाही. सोबतच्या माणसाला उशीर करून चालणार नव्हतं, मी समजू शकतो. दार लागलं, गाडी गेली आणि माझी ७८ वर्षांची आई गाऊनवर शाल घेतलेली, पहाटे पाचला रस्त्यावर उभी राहिली. काका पुढच्या सीटवर बसून गेले होते. तिच्या हातात बाबांची गोळ्यांची पिशवी तशीच राहिली. छप्पन्न वर्षांच्या संसारात बाबा तिला न सांगता कधी घराबाहेर पडले नव्हते, असं ती मला फोनवर तीनदा म्हणाली.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "मी तिला हाक मारत होतो, पण जीभ वळत नव्हती."

तिला पुढच्या सीटवर बसवता आलं असतं, ती पायरी जरा खाली असते. काका रिक्षाने मागून आले असते. हे सुचायला मला इथे बसून आठ महिने लागले, त्यामुळे त्या पहाटे कोणाला सुचलं नाही याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोणाच्या घरी अशी जोडी असेल तर हे आजच ठरवून ठेवा, म्हणून लिहितोय.

पानशेतकर

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आमच्या भागात घाटरस्ता, पावसाळ्यात दरड, गाडी दारापर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट. माझ्या आजोबांना झोळीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणावं लागलं. अशा वेळी प्रेमाने बोलले का, उशी दिली का, हे मुद्दे मला दुय्यम वाटतात. आधी गाडी वेळेत मिळू दे, ती सुरक्षित चालू दे. बाकीचं नंतर.

रानजाई

पानशेतकर, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. झोळीतून आणलेल्या माणसापुढे माझ्या आईचा त्रास लहान आहे, हे मला दिसतं. पण पेठकरी काकांना बसवायला एक मिनिटही जास्त लागलं नसतं. आईचा चष्मा माझ्या हाताच्या अंतरावर होता. वेळ आणि माया यांत निवड करायची वेळ आमच्यावर आलीच नव्हती, तरी आमच्याकडून राहून गेलं. आजोबा आता कसे आहेत?

पानशेतकर

आजोबा गेले, ताई. दोन वर्षांपूर्वी, घरीच. पण त्या झोळीची आठवण ते आनंदाने सांगायचे. चार नातू चार टोकांना होते आणि सगळी वाट गप्पा मारत आणलं, वरून पाऊस लागू नये म्हणून चुलत्याने इरलं धरलं होतं. आत्ता हे लिहिताना लक्षात आलं की मीही तुमचंच म्हणणं सांगतोय.

सचिव_बी_विंग

सिंहगड रोडच्या आमच्या सोसायटीत निम्मे फ्लॅटधारक सत्तरीच्या पुढचे. गेल्या वर्षी आम्ही तीन गोष्टी केल्या. जिन्याने उतरवायची चाकांची खुर्ची घेतली, ती वॉचमनच्या केबिनमध्ये असते आणि तिन्ही वॉचमनना ती उघडता येते. गेटपासून प्रत्येक विंगच्या दारापर्यंतची पट्टी पिवळी रंगवली, तिथे गाडी लावायची नाही. यावरून भांडणं झाली, अजून होतात, पण पट्टी आहे. आणि वॉचमनला सांगून ठेवलंय की गाडी आत आली की भोंगा बंद करायला सांग आणि लिफ्ट खाली धरून ठेव.

भोंग्याबद्दल एक. रस्त्यावर तो हवाच. वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेनंतर दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे, कलम १९४ ई. पण सोसायटीच्या आवारात रात्री दोनला तो वाजला की आमच्या सातव्या मजल्यावरच्या आजींचं बीपी वाढतं आणि ज्यांना न्यायचं ते तर आणखीच हबकतात.

अबोली_सातारारोड

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अनोळखी माणसाने पाटल्या काढल्या, ते नाही आवडलं. तू काढल्या असत्यास तर चाललं असतं." सलाईन लावायला काढाव्या लागतात हे त्यांना कळतं. मी तिथेच उभी होते.

पेठकरी_७९

भोंग्यावरून आठवलं. माझी दुसरी खेप अनंत चतुर्दशीच्या रात्रीची. लक्ष्मी रस्ता गणपतींनी भरलेला, आणि आमची गाडी तो ओलांडायला निघालेली. मी बसलेला होतो तरी काचा पांढऱ्या, बाहेरचं काही दिसेना. ढोलांचा आवाज इतका की गाडीचा पत्रा थरथरत होता, पाठीला जाणवत होता. मनात म्हटलं, आता इथेच. आणि एकदम ढोल थांबले. आधी जवळचे, मग लांबचे, एकामागून एक. मग माणसांचा आवाज, "मागे व्हा, मागे व्हा, गाडी येऊ द्या." गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकत होती. दर वर्षी हे मी आमच्या खिडकीतून पाहिलंय, गर्दी दुभंगते आणि गाडी गेली की पुन्हा मिटते. आतून ते पहिल्यांदाच ऐकलं. ती डॉक्टर मुलगी म्हणाली, "काका, तुमच्यासाठी थांबलेत." पलीकडे गेल्यावर मागे ढोल पुन्हा सुरू झाले, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं आणि काही बोलली नाही.

चिंचबन

पेठकरी काका, नमस्कार करते तुम्हाला. सगळ्यांचे आभार. आज आईबाबांच्या फ्रिजवर लावायला कागद करायला घेतलाय: गोळ्यांची नावं, ॲलर्जी, जुने आजार, कोणाला फोन करायचा. आणखी काय लिहू?

गाडीवरचा_वैद्य

नेहमीचं बीपी किती असतं ते. किती उशा. कुठल्या कानाने ऐकू येतं. कवळी आहे का. एरवी किती चालतात आणि बोलायला कशा आहेत, हे एका ओळीत, म्हणजे आम्हाला 'हे नवीन आहे' हे कळेल. गोळ्यांची नावं लिहिण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत टाका. आणि जुना ईसीजी असेल तर तो सोन्यासारखा जपा.

रानजाई

वैद्य, तुम्ही सांगितलं तसं आईला आज विचारलं, कोणी काही बरं केलं का. ती लगेच म्हणाली, "तो मामा होता ना."

गाडीत मागे तिच्याजवळ एक मदतनीस बसला होता, विशीतला असेल. मला त्याचा चेहराही आठवत नाही. त्याने तिच्या दुखऱ्या पायाच्या दोन्ही बाजूंना ब्लँकेटच्या गुंडाळ्या लावल्या आणि एक हात तिच्या गुडघ्यावर ठेवून बसला. पहिल्या स्पीडब्रेकरला ती ओरडली. दुसऱ्याच्या आधी तो काहीतरी बोलला, पण तिला ऐकू येत नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने तिचा पंजा हातात घेतला, आणि ब्रेकर आला की आधी पंजा दोनदा दाबायचा. दाबला की ती दात आवळून तयार राहायची. गेला की तो अंगठ्याने एकदा थोपटायचा. "अकरा होते," ती म्हणाली. "मी मोजले. मोजता येतंय म्हणजे मी जिवंत आहे, असं वाटलं."

सात-आठ तास ज्या बाईला भान नाही असं आम्ही धरून चाललो होतो, तिने कोथरूडपासूनचे स्पीडब्रेकर मोजले होते.

संध्याकाळी फ्रिजवरचा कागद मीही लिहायला घेतला. ती शेजारी खुर्चीवर बसून सांगत होती. गोळ्या झाल्या, बीपी झालं, डॉक्टरांचे नंबर झाले. मी पेन मिटणार तेवढ्यात म्हणाली, "डाव्या कानाने ऐकू येतं, ते वर लिही. मशीन कपाटावरच्या डबीत आहे तेही लिही." लिहिलं. मग थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली.

"आणि लिही, जिन्यातून पाय पुढे करून न्यायचं असेल तर आधी मला सांगा. मी काही म्हणणार नाही. पण सांगा."